तलाव ऐकायचा मोसम

"कान पुरे जाच्या आंधी एक डाव मामाच्या गावचा तलाव आयकाचा हाय मले," बाबा जेवताना म्हणाले आणि पुन्हा भात कालवायला लागले. लोणच्याची फोड मागावी इतक्या साधेपणानं. माझा घास मात्र हातातच राहिला.

बाबांचे कान उतरायला लागले होते. आजोबांचेही ऐन पन्नाशीत असेच गेले होते म्हणे. आम्हाला कळलं ते कुकरमुळं. जवाहरनगरच्या कारखान्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये बाबा स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसले होते, आई शेजारी गेली होती आणि कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता. आई धावत आली तोवर डाळीचा कोळसा झालेला. "तुमाले आयकू नाही येत काय?" आई कडाडली. बाबांनी पेपर खाली केला, तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "नाही." नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही हळूहळू जाईल. किती हळूहळू, ते विचारलं तर ते पुढच्या पेशंटला हाक मारायला लागले.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. मी भंडाऱ्याला कॉलेजात जात होते. बसमध्ये, वर्गात, भाजी चिरताना, डोक्यात एकच, की बाबांना तलाव ऐकवायचा आणि तोही लवकर. मामाचं गाव म्हणजे बाबांच्या मामाचं, नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीखालचं, बांधाच्या पायथ्याचं. बाबांचं अर्धं लहानपण तिथं गेलेलं. आता तिथं आमचं कोणी उरलं नव्हतं. तलावाभोवतीचं जंगल तेवढं राष्ट्रीय उद्यान झालं होतं. म्हणून राहायचं तर तंबूत, असं दादानं जाहीर केलं. तो कारखान्यात नुकताच लागला होता आणि शाळेतल्या स्काऊटच्या सरांकडून तंबू आणायची जबाबदारी त्यानं परस्पर घेऊनही टाकली.

घोडं अडलं मोसमावर.

दादाचं म्हणणं, जायचं तर मे महिन्यात. जंगलातलं पाणी आटतं, सारी जनावरं तलावावर येतात, नशिबात असेल तर वाघसुद्धा.

"बाबाले आयकाचं हाय, तुले वाघ पाहाचा हाय," मी म्हटलं.

"काहून, वाघ का मुका असते?"

माझं म्हणणं, हिवाळा. थंडीत कुठून कुठून पक्षी येतात, पहाटे बदकांचे थवेच्या थवे पाण्यावरून उठतात, असं आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं. तलाव ऐकायचा म्हणजे दुसरं काय ऐकायचं? आणि आईला कुठलाच मोसम चालत नव्हता. दिवाळी झाली की मंडया सुरू होणार. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडारीचा खेळ नाहीतर नाटक चालतं आणि घरात पाहुण्यांना झोपायला जागा उरत नाही. आसगावला, म्हणजे बाबांच्या गावी, काकांकडच्या मंडईला आम्ही गेलो नाही तर वर्षभर बोलणी बसणार. मग धानाची कापणी, मग चुरणी, म्हणजे मळणी. आमचा वर्षाचा तांदूळ तिथूनच यायचा, त्यामुळं आई कामाला हात लावायला जाणारच. उन्हाळ्यात लग्नं आणि वाळवणं. पावसाळ्याचं नाव कोणीच काढलं नाही. पावसाळ्यात जंगल बंद, रस्त्यांचा चिखल आणि इकडं धानाची रोपं लावायची रोवणी.

आम्ही तिघं भांडायचो तेव्हा बाबा पाटावर बसून, जो बोलेल त्याच्या तोंडाकडं बघत असायचे. मध्येच हसायचे. मला वाटायचं, त्यांना गंमत वाटते आहे.

दिवाळी झाली, मंडई झाली. मी बाबांच्या मागं उभी राहून चमचा पाडून बघायची. एकदा वळले, दुसऱ्यांदा नाही. सायकलची घंटी त्यांना ऐकू येईना, पण कारखान्याचा भोंगा झाला की बरोबर उठून बूट घालायचे. मग माझा जीव भांड्यात पडायचा, की नाही, अजून वेळ आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तगमग. आई आसगावला जायला पिशवी भरायला लागली की माझं डोकं फिरायचं.

"धान काय पळून जाऊन राहिलं?" मी एकदा ओरडले.

"अन् तलाव पळून जाऊन राहिला काय?" आई म्हणाली.

"तलाव नाही, कान!"

त्यावर आईनं हातातली घडी खाली ठेवली. पिशवी मात्र तिनं भरलीच.

शेवटी चुरणी आटोपली, तांदूळ घरात आला आणि संक्रांतीच्या आधी आम्ही निघालो. भंडाऱ्याहून साकोली, साकोलीहून नवेगाव. आईनं अर्धं स्वयंपाकघर बरोबर घेतलं होतं. एस.टी.च्या टपावर आमचा तंबू पाहून कंडक्टरनं दादाला विचारलं, "सर्कस कोठं लावता?" दादाचं तोंड साकोलीपर्यंत फुगलेलं होतं. वनरक्षकानं विश्रामगृहाजवळची मोकळी जागा दाखवली. दादा आणि बाबांनी तंबू उभा केला, तो पडला, मग वनरक्षकानंच उभा करून दिला. थंडी अशी, की आई दोन लुगड्यांवर बाबांचा कोट घालून चुलीपुढं बसली.

उजाडता उजाडता आम्ही पाण्याकाठी जाऊन बसलो. समोर नुसतं धुकं. आणि मग बदकं उठली. बारीक शीळ घालत एक थवा आमच्या डोक्यावरून गेला, त्यामागं दुसरा, तिसरा, साऱ्या तलावभर ती शीळ पसरली. इतके महिने डोक्यात घोळवलेली गोष्ट समोर आली की माणूस भाबडा होतो. माझे डोळे भरून आले. दादासुद्धा वाघ विसरून आ वासून वर बघत होता. मी बाबांकडं वळले. ते हसत होते, मान डोलावत होते. मला धन्य वाटलं.

थोड्या वेळानं मला एक खटकलं. थवा डोक्यावर आला की बाबा वर बघायचे, पण आमच्यानंतर. आधी माझं तोंड वर जायचं, मग त्यांचं. मी खाली पाहिलं की ते खाली. त्यांची नजर आभाळावर नव्हतीच, माझ्या तोंडावर होती.

आभाळ रिकामं होतं. काहीही वाजत नव्हतं. मी उगीचच, काहीतरी ऐकल्यासारखा, चेहरा वर केला.

"आयकलं, आयकलं," बाबा लगेच म्हणाले, "लय हायेत."

माझ्या अंगाची आग आग झाली. कोणावर चिडले होते ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बाबा, काहून खोटं बोलता?"

बाबा ओशाळले. हातातली काडी मोडायला लागले. मग म्हणाले, "येवढं भांडून तुमी मोसम काढला. कसं सांगू? तुमाले आयकू येऊन राहिलं होतं ना, मी थे पाहून राहिलो होतो."

मी उठले आणि पाळीवरून चालत सुटले. बसून राहिले असते तर हमसून रडले असते. बारीक आवाज आधी जात होते. कुकरची शिट्टी गेली, सायकलची घंटी गेली, तशीच बदकांची शीळही गेली होती आणि आम्ही त्यांना नेमकी तीच ऐकवायला आणलं होतं. पार टोकापर्यंत जाऊन मी परत आले आणि त्यांच्या समोर बसून, ओठ नीट हलवत विचारलं, "तुमाले आयकाचं काय होतं?"

बाबांनी मी आले त्याच दिशेला बोट केलं. पाळीच्या टोकाला दगडी सांडवा होता. कोरडा ठाक, त्यात गवत वाढलेलं आणि दोन बकऱ्या चरत होत्या.

"थो," ते म्हणाले. "मामाचं घर त्याच्याच खाली होतं. तलाव भरला का त्याच्यावरून पाणी पडे. दिवसरात घुमे. घरातल्या भांड्याले हात लावला तरी समजे. आवाज सुरू झाला का मामा म्हणे, आता रोवलेलं जगते. मंग थो रोज हसून बोले आमच्यासंग."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"पावसाळ्यात जंगल बंद असते ना, बाई. अन् तुमी तंबू आणला."

दादानं तंबूकडं असं बघितलं की त्याला तिथंच पाण्यात बुडवेल.

पावसाळ्यापर्यंतचे ते महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. उन्हाळ्यात माझा आवाज बाबांना ऐकू येईना, मग आईचा. दादाचा जाडा आवाज तेवढा पोचायचा, त्यामुळं घरातलं सारं बोलणं दादामार्फत व्हायला लागलं आणि त्याचा भाव वाढला. रोज सकाळी भोंगा व्हायचा आणि मी हातातलं काम टाकून बाबांकडं बघायची. ते बुटाकडं वळले की माझा दिवस सुरू. त्या वर्षी पाऊस रेंगाळला. रोवण्या लांबल्या. पोळा गेला तरी तलाव भरल्याची खबर नाही. मी भंडाऱ्याच्या स्टँडवर साकोलीकडून येणाऱ्या प्रत्येक कंडक्टरला विचारायची. त्यांच्यातला एक मला पाहिलं की दुसरीकडं तोंड फिरवायला लागला होता. मग भादव्यात एकदा धो धो कोसळला आणि त्याच कंडक्टरनं खिडकीतून हात हलवून सांगितलं, "सुरू झाला तुमचा सांडवा!"

घरी येऊन सांगितलं तर आईनं धानाचं नाव काढलं नाही. छत्र्या शोधल्या आणि दारात जाऊन उभी राहिली.

जंगल बंदच होतं, पण सांडवा जंगलाच्या बाहेर, गावाच्या अंगाला होता. गाडीतून उतरून आम्ही पाळीखालच्या चिखलातून चालायला लागलो. बाबा पुढं. वळणाच्या अलीकडंच ते थांबले. पाणी अजून दिसत नव्हतं. त्यांनी बांधावरच्या पळसाला हात टेकला आणि तसेच उभे राहिले. मी त्यांचा चेहरा बघायला पुढं गेले नाही. एकदा परीक्षा घेतली होती, तेवढी पुरे.

"चालू हाय," ते म्हणाले.

वळण घेतलं आणि सांडवा अंगावर आला. पांढरं पाणी दगडांवरून कोसळत होतं आणि पायाखालची जमीन घुमत होती. आम्ही अगदी जवळ जाऊन उभे राहिलो. आई मला काहीतरी म्हणाली.

"काय?" मी ओरडले.

ती पुन्हा म्हणाली. मी कानामागं हात धरला. दादानं तिच्या तोंडाकडं वाकून पाहिलं आणि मला खुणेनं विचारलं, काय म्हणते? मला माहीत असतं तर ना. आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे होतो आणि बाबा पाण्याकडं.

मग बाबा माझ्याकडं वळले आणि बोलायला लागले. पाण्याकडं हात करून, पाळीकडं, मामाचं घर असेल त्या रिकाम्या जागेकडं, खूप वेळ, सावकाश. मला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. ते थांबले आणि मी काही म्हणेन म्हणून बघायला लागले.

मी हसले, मान डोलावली आणि म्हटलं, "आयकलं, आयकलं."

बाबा माझ्या तोंडाकडं पाहतच राहिले आणि मग इतके हसले, इतके हसले, की छत्री त्यांच्या हातातून सुटून पाण्याबरोबर निघून गेली.