बोटीचा कायदा, इतवारीची गच्ची

सत्तरच्या आसपास नागपुरात सतत धूर सोडणाऱ्या दोनच गोष्टी होत्या: गिरणीचं धुराडं आणि आमचे आतोबा. त्यातलं धुराडं सुट्टीच्या दिवशी विसावा तरी घेई. आतोबा झोपेतही विडी धरल्यासारखी दोन बोटं वर करून घोरत. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान. तिथली पितळेची घागर नेली तर आठ दिवस पाण्याला विडीचा वास येतो, असं गिऱ्हाइकं सांगत, आणि मी ते पंधरा करून पुढे सांगत असे. त्या धुरात आत्या वीस वर्षं खोकत होती. ती स्वयंपाकघरात आहे की माजघरात, ते शेजारी तिच्या खोकल्यावरून ओळखत.

थोरली लेक गोव्याला दिलेली. नातवाला बघायला दोघं मुंबईहून बोटीने निघाली. डेकवर पथारी पसरून आतोबांनी विडी शिलगावली, तोच खलाशी हजर. विडी ओढायची तर बोटीच्या मागच्या टोकाला; इथं गाद्या, गाठोडी, ताडपत्र्या, ठिणगी पडली तर सगळेच जाऊ. आतोबांनी तिकीट दाखवलं, भाड्यात धूर धरला नाही काय म्हणून विचारलं, शेवटी चार संत्री पुढे केली. खलाशाने संत्री घेतली आणि हात मागच्या टोकाकडे दाखवला.

तिथे वारा असा, की काडी पेटायच्या आधीच विझे. मग साऱ्या विडीबाजांनी मिळून एक विडी कशीबशी पेटवली आणि तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी असा विस्तव हातोहात जिवंत ठेवला. आतोबांच्या हिशेबाने त्या एका काडीवर पाऊण कोकण पार पडलं. धोतराची मात्र चाळणी झाली. पथारीकडे परतले तर आत्या होल्डॉलवर डोकं टेकून निपचित पडलेली. खोकला नाही. आतोबांच्या पायांखालची बोट सरकली. इतक्या वर्षांत त्यांनी तिला अशी गप्प पाहिलीच नव्हती. गदागदा हलवून म्हणाले, "अवं, काय झालं वं तुले?"

आत्याने डोळेही उघडले नाहीत. "काही नाही जी. श्वास घेऊन राहिली."

परत आल्यावर घराला बोटीचा कायदा लागू झाला. विडी फक्त गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात. आधी बांबूला बांधलेल्या रुमालावर वारा बघायचा. तो स्वयंपाकघराकडे वळला, की आतोबा जिना उतरून गल्लीच्या तोंडाशी, हातगाड्यांच्या गर्दीत उभे. धाकटीच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या वरबापाने बैठकीत सिगारेट काढली, तर त्याला ऐन मे महिन्यात, भर दुपारी गच्चीवर चढवलं. "सोयरीक मोडली तं मोडू द्या," आतोबा म्हणाले, "इथं आग लागन." वरबाप खाली आला तो असा भाजून, की देण्याघेण्याचं विसरून नुसतं पाणी मागत होता. लग्न झालं, आणि स्वस्तात झालं.

मीही त्या गच्चीवरचाच प्रवासी. एका सकाळी वर गेलो, तर आतोबा न पेटवलेली विडी धरून कठड्यावर वाकलेले. मी काडी ओढायला गेलो, तर त्यांनी हात धरला.

"थांब गा. ऐक."

खाली आत्या पोळ्या लाटता लाटता काहीतरी गुणगुणत होती. सुरात होतं असं माझ्यासारखा थापाड्यासुद्धा म्हणणार नाही.

"गाणं म्हणून राहिली," आतोबा हळूच म्हणाले. "नवीन लग्न झालं तवा म्हणे. मग मीच..."

माझ्या हातातली काडेपेटी त्यांनी काढून घेतली आणि गाणं संपेपर्यंत मुठीत धरून बसले. गाणं बरंच लांब होतं.