खुली, बंद आणि शेवटचा बाक

परवाच्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत, चपला काढतो तिथल्या टेबलावर एक कागद ठेवला होता. दोन रकाने. एकावर 'खुलं', दुसऱ्यावर 'बंद', आणि खाली सह्या.

आमची मंडळी लहान आहे, नागपुरात एका घराच्या वरच्या हॉलमध्ये जमते. दर रविवारी प्रभूच्या आठवणीची एकच भाकर सगळ्यांमधून फिरते, प्रत्येक जण तुकडा मोडून घेतो. बाहेरचा विश्वासी आला तर त्याच्या मंडळीचं पत्र बघून त्याला भाकर देतात. पत्र नसेल किंवा तो दुसऱ्याच चर्चचा असेल, तर द्यायची की नाही... यावरून काही महिने वाद चालू आहे. 'द्या' म्हणणारे खुले, 'नको' म्हणणारे बंद.

मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासते. दोन्ही बाजूंनी दिलेली बायबलमधली वचनं वाचायला घेतली होती, निम्मीच झाली होती. म्हणून दोन्ही रकाने सोडून खाली नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'तपासणी बाकी'. कामावर हे अगदी साधं वाक्य आहे... इथे ती थट्टा वाटली.

मागून मंडळीतल्या रूथने वाचलं. "काय वं, मंडळी का थर्मामीटर आहे?" दोघीतिघी हसल्या. मग कुणीतरी म्हणालं, "म्हणजे खुलीच आहे ही. बंद असती तर सरळ सही केली असती."

कागद डॅनियल काकांनी केलेला. ते मंडळीतले ज्येष्ठ, 'बंद'खाली पहिली सही त्यांचीच. त्यांनी माझी ओळ वाचली, चष्मा काढून पुसला आणि आत गेले.

आमच्यात जे भाकर घेत नाहीत ते शेवटच्या बाकावर बसतात. मी स्वतःच तिथे जाऊन बसले. कुणी सांगायच्या आत गेलेलं बरं, एवढाच विचार. नोकरीसाठी एकटी या शहरात आले तेव्हापासून माझ्या तापात डबा आणणारी माणसं हीच. ती सुटली तर इथे कारखान्याशिवाय माझं काही उरत नव्हतं... गाणं चालू झालं, मला एक ओळही म्हणता आली नाही.

भाकर फिरत मागे आली. शेवटच्या बाकाआधी ती नेहमी परत वळते. मी खाली बघत होते... समोर ताट आलं. धरलेले हात काकांचे होते.

"इथं काहून येऊन बसली वं? पाहुणी आहेस का तू? घे."

मी हात पुढे केला. तुकडा नको तितका मोठा निघाला.

नंतर जिन्यात मी विचारलं, "काका, मग त्या कागदाचं?" त्यांनी शर्टाच्या खिशातून त्या कागदाची घडी काढून दाखवली. "उचलला म्या. मलेच घाई झाली होती. तू आरामानं वाच. अन् माझं कुठं चुकून राहिलं असन, तर मले दाखव."

घरी येताना एक गोष्ट टोचत राहिली. स्वतः कुठल्याही रकान्यात न बसणारी मी, काकांना मात्र त्यांची सही बघताक्षणी एका रकान्यात टाकून मोकळी झाले होते. ते मला भाकर देणार नाहीत, हे त्यांना एक प्रश्नही न विचारता ठरवून टाकलं होतं.

वाद अजून मिटलेला नाही. माझं मत ठरेल तेव्हा ते काकांच्या विरुद्धही असू शकेल... पण ही माणसं सुटतील या भीतीने वाचन थांबवावं लागणार नाही. यासाठी देवाचे आभार, आणि काकांचेही.