कानबाईच्या दिवशी दिलेली दुसरी गोळी

पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कापडाची शेड जुळवण्यात माझी उमर गेली. नमुन्यापेक्षा रंग फिका उतरला की मात्रा थोडी वाढवायची, हे तिथले साधे काम. त्या कामाने माझ्या हाताला जी सवय लावली, ती मी घरी आणायला नको होती.

पत्नीला मधुमेह निघाला तेव्हापासून तिच्या गोळ्यांची पट्टी माझ्या ताब्यात असे. रोज सकाळी ती न्याहारीला बसली की मी एक गोळी तिच्या तळहातावर ठेवी. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, "ही गोळी साखर उतरवणारच, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून जेवणासोबतच घ्यायची. उपवास असेल तर आधी मला विचारा, आणि आपल्या मनाने कमीजास्त करू नका." मी मान हलवली होती. मान हलवणे मला नेहमीच सोपे गेले आहे.

श्रावणात आमच्या खानदेशी गल्लीत कानबाई देवी बसते. रविवारी स्थापना, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन आणि परतल्यावर रोटांचे, म्हणजे पुरणपोळ्यांचे जेवण. विसर्जन होईपर्यंत पत्नी अन्नाला शिवत नाही. गेल्या वर्षी त्या सोमवारी सकाळी मी तिच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या.

"दोन कसाले?" तिने विचारले. "डॉक्टरनी एकच सांगेल से."

"आल्यावर गोड खाशील ना," मी म्हणालो. "आधीच घेऊन ठेव."

"तुम्ही कव्हय डॉक्टर व्हयनात?" ती हसली आणि तिने दोन्ही गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. तिने माझे ऐकले, याचे मला त्या क्षणी समाधान वाटले होते. हे लिहितानाही लाज वाटते.

मिरवणूक रेंगाळली. बँडवाले उशिरा आले, मग चौकाचौकात बाया नाचत राहिल्या. पत्नी कानबाई डोक्यावर घेतलेल्या बाईच्या मागे चालत होती. मधेच ती थांबली. तिचे हात थरथरू लागले, चेहरा घामाने निथळला, आणि तोंडातून काहीतरी असंबद्ध निघाले.

"माय उनी वं, माय उनी आंगमा!" माझी वहिनी ओरडली. देवी अंगात आली म्हणून बाया भोवती जमल्या. कोणी तिच्या कपाळी कुंकू लावले, कोणी पायावर डोके ठेवले. वहिनी मला म्हणाली, "भाऊ, हात जोडा ना."

मी हात जोडले.

मला ठाऊक होते, असे मी आज म्हणतो. त्या वेळी निदान शंका तरी नक्की आली होती. दोन गोळ्या, रिकामे पोट, घाम, थरथर. साखर फार उतरली की हेच होते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण एवढ्या बायांसमोर, देवीसमोर, ही माझी चूक आहे हे म्हणायला जीभ वळेना. आणि मनाच्या एका कोपऱ्यात असेही वाटले, की खरेच माय आली असेल तर किती बरे. ढोलाचा एक पूर्ण फेर मी तसाच उभा राहिलो. मग तिचे गुडघे वाकले आणि तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत देवी नव्हती. घाबरलेली माझी बायको होती.

मी बायांना बाजूला सारले. जवळच्या चहाच्या हातगाडीवरून ग्लासभर पाण्यात साखर ढवळून आणली. तिला अजून गिळता येत होते, हे नशीब. "पारणं व्हयनं नही," कोणीतरी कुरकुरले. मी ऐकले नाही. थोड्या वेळाने ती भानावर आली, पण दवाखान्यात डॉक्टरांनी तिला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतले. या गोळीचा असर लांबतो, साखर पुन्हा खाली जाऊ शकते, असे ते म्हणाले. मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

घरी आल्यावर तिने गोळ्यांची पट्टी माझ्या कपाटातून काढून आपल्या डब्यात ठेवली. गल्लीत मात्र तिच्या अंगात माय आली होती हीच गोष्ट राहिली, आणि मी ती राहू दिली.

या श्रावणात वहिनी घरी आली. तिलाही उन्हाळ्यात मधुमेह निघाला आहे. पाय पसरून बसत ती हसत म्हणाली, "आते मालेभी गोळ्या चालू व्हयन्यात. औंदा मीभी उपास करसू. एखाद वेळे माय मना आंगमाभी ई."

पत्नी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला, पण तिने वर पाहिले नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिन माय उनी नव्हती. मी तिले दोन गोळ्या दिन्या होत्यात. उपाशीपोटी."

वहिनीने पसरलेले पाय जवळ ओढले. मग हलकेच म्हणाली, "आन मी तिना पाय पडनू."

पत्नी उठली, गोळ्यांचा डबा घेऊन आली आणि वहिनीशेजारी बसली. "तुनी पट्टी उद्या लई ये," ती तिला म्हणाली. "उपासना आधी दोन्ही जणी डॉक्टरले इचारी येऊत." माझ्याकडे तिने पाहिले नाही. मला बरोबर चला असेही म्हणाली नाही.