व्याह्यांनी चिडवलं नाही

काल आमच्या पेठेचा फुटबॉल संघ पुन्हा हरला, तोही पलीकडच्या पेठेकडून. यंदा हरण्याची सवयच लागलीय म्हणा! माझ्या लेकीचे सासरे पलीकडचे. जिंकले की पेढे घेऊन दारात हजर. "घ्या पाव्हणं, गोल नाही तर पेढा तरी घ्या!" मग आमचे हे चिडायचे, आणि दोघं भांडत भांडत चहा प्यायचे.

आज व्याही रिकाम्या हातानं आले. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरं चांगली खेळली हो तुमची."

दोघांचा चहा निवून गेला. चिडवायलासुद्धा समोरचा तोलामोलाचा वाटावा लागतो, नाही का?

व्याही गेल्यावर हे दाराकडे बघत हळूच म्हणाले, "पेढे आणायला हवे होते त्यांनी."