उस्तेद

आमचे घाटंजीचे शेजारी मुलीला घरीच शिकवतात. आता तिला स्पॅनिश आलंच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलंय. त्यासाठी ते मुलीला स्थळ पाहावं तसे ऑनलाइन क्लास पाहतात. फुकटातला पहिला धडा आमच्या ओट्यावर बसून, मोबाइल मोठ्यानं लावून, स्वतः करतात. एका क्लासात चुकीच्या उत्तरालाही टाळ्या वाजल्या. "हे तं पोरीले लाडावून ठेवन, वहिनी," म्हणून तो बाद.

कंडक्टर असो की बँकेचे साहेब, शेजारी सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. मुलगीही त्यांना "बाबा, तू" म्हणते. पण एका धड्यात बाई म्हणाल्या, मान द्यायचा तर ‘उस्तेद’ म्हणायचं. शेजारी सरसावून बसले. "पाय वहिनी, हा तं आपला उस्तादच. पोरगी मले उस्ताद म्हणन." तोच क्लास लावला.

पंधरवड्यानं मुलगी त्यांना बोलवायला ओट्यावर आली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. मला त्यातलं उस्तेद तेवढं कळलं.

"काय म्हणतं वं पोरी?"

"तुम्ही जेवता का, असं इचारलं."

"बापाले तुम्ही? पाहुणा हाओ काय मी?"

"परक्यालेच म्हणतात तसं. घरच्याले तिकडंही ‘तू’च म्हणतात, बाबा. शब्दही तोच."

उस्ताद जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन पुन्हा हजर. "वहिनी, ‘तू’पासून सुरू होते असा क्लास पाहून राह्यलो."