पाठ असलेलं वाक्य

आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या नाटकात मी कधी तोंडाला रंग लावला नाही. माझ्याकडे विंगेतली कामं असतात. साड्या कोणाच्या, कपबशा कोणाच्या घरून आणायच्या, परत कोणी न्यायच्या, आणि प्रॉम्प्टिंग. ही कामं मला जमतात.

त्या वर्षीचं नाटक बंगल्यातल्या श्रीमंत बायकांवर होतं. चहा घ्यायचा, पाहुणीच्या मोत्यांचं कौतुक करायचं आणि ती उठून गेली की तिच्या घरातली उणीदुणी काढायची. आमच्यातल्याच एका निवृत्त शिक्षिकेने ते लिहिलं होतं. बंगल्याच्या मालकिणीचं काम माझ्या समोरच्या घरातल्या मैत्रिणीकडे होतं. एरवी 'मले-तुले' करणारी, पण स्टेजवर अशी ठसक्यात पुणेरी बोलायची की आम्ही हसून बेजार व्हायचो. संध्याकाळी आम्ही दोघी चालायला जायचो. एकमेकींपासून काही लपवून ठेवायची पद्धत नव्हती.

तालमी रंगात आल्या असताना माझ्या मुलीचं लग्न मोडलं. साक्षगंध होऊन अंगठ्याही घातल्या होत्या. मुलाकडच्यांनी फोनवरच नकार कळवला, कारणही धड दिलं नाही. मुलगी म्हणाली, आहे तसं सांगून टाक. मी कामाला लागले. हॉल, केटरर, नातेवाईक, सगळ्यांना फोन केले आणि कॉलनीसाठी एक वाक्य ठरवलं: मुलीनेच नकार दिला. तालमीत तेच सांगितलं. चालताना मैत्रिणीलाही तेच. ती नुसतं "बरं" म्हणाली.

त्यानंतर दुसऱ्या अंकात ती एकाच जागी अडखळायला लागली. मी संहितेत तिथे लाल खूण करून ठेवली. प्रॉम्प्टरला वाक्याचा अर्थ ऐकू येत नाही. समोरची थांबली की पुढचा शब्द द्यायचा, एवढंच.

प्रयोगात ती नेमकी तिथेच थांबली आणि कप तोंडाला लावून बसली. मी शब्द दिला. ती गप्प. पुन्हा दिला. मग मीच अख्खं वाक्य मोठ्याने म्हटलं, "मुलीनेच नकार दिला म्हणे. मोडलेल्या लग्नात नेहमी मुलीच नकार देतात, बाई."

पुढच्या रांगांना ते स्पष्ट ऐकू गेलं. हशा आला. आमच्या गल्लीच्या रांगेतला मात्र मध्येच थांबला. माझी मुलगी त्याच रांगेत होती. तेव्हा कुठे मला ते वाक्य ऐकू आलं. मी माझं म्हणून घरोघर वापरलेलं वाक्य हातातल्या संहितेतलं होतं. तालमीत रोज वाचून तोंडात बसलेलं.

मैत्रीण ते न म्हणताच पुढे गेली. पडदा पडल्यावर ती खोटे मोती काढत होती. मी म्हटलं, "तू विसरली असं वाटलं मले."

"काहून विसरीन वं? पाठ होतं. मुद्दाम गिळून राहिली होती मी."

तिची बहीण खाप्याला राहते, त्या नकार देणाऱ्या मुलाच्या मावशीच्या शेजारी. खरं काय ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गल्लीतही पोचलं होतं. पण एकीनेही माझ्यासमोर विषय काढला नव्हता. आम्ही ज्या बायकांची टिंगल करत होतो, तशा त्या नव्हत्या. तशा समजून मी त्यांच्याशी वागले.

"बाकीच्यायचं जाऊ दे," ती म्हणाली, "तू मले तरी खरं सांगायचं होतं."

मी कपबशा गोळा करायला लागले.

चालायला आम्ही अजून जातो. ती भाज्यांचे भाव सांगते, मी पाण्याची वेळ सांगते. मागच्या आठवड्यात मुलीला रामटेकहून स्थळ आलं. बोलणी अवघड वळणावर होती आणि मला ते कोणाला तरी सांगायचं होतं. मी सुरुवात केली, तशी तिने पदर नीट केला. रागाने नाही, अगदी सहज म्हणाली,

"सगळ्यायले जे सांगशील, तेच सांग मले."