बटणापाशी एक, पट्ट्यापाशी एक

कापसाची जिन बंद पडली की ऑफिसात बसल्याबसल्या कळतं. खुर्चीखालची दिवसभराची थरथर एकाएकी थांबते. महिन्यापूर्वी ती भर दुपारी थांबली आणि पाठोपाठ कामावरची शांताबाई दारात येऊन म्हणाली, "बाबूजी, हरसिंगभाऊ पट्ट्यात गेले..." मी हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि मग उठलो. माणूस गेला आणि मी टोपण लावत बसलो, काय म्हणावं ह्याला!

हरसिंगभाऊ राळेगावच्या आमच्या जिनिंगमधले फिटर. फुलसावंगीकडच्या तांड्यावरचे, शिक्षण सातवी. पण सुरक्षेचे एका पानाचे धडे ही त्यांचीच कल्पना. दर सोमवारी एक पान, त्यात एकच गोष्ट. रुईला आग लागली तर आधी काय करायचं, सरकीचा ढीग कुठून ओढायचा. ते सांगत, मी मोठ्या अक्षरात लिहून खिळ्याला अडकवी. जिन सुरू व्हायच्या आधी ते वाचून दाखवत आणि कुणालाही धरून करून दाखवायला लावत. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "हसा, पण हात शाबूत ठेवा बाप्पा," म्हणायचे.

खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यायची अक्कल माझी. तपासणीला बरं पडतं ना! ते चिडलेच. "सही कायले घेता बाबूजी? समजलं का, ते इचारा." तरी पहिली सही तेच करत, बाकीचे बुजू नयेत म्हणून.

मग कापसाची वाईट वर्षं आली. गाड्या येईनात, माणसं कमी झाली. वाचणं बंद पडलं, सह्या तेवढ्या राहिल्या. सगळ्यात जुना धडा पट्ट्याचा. अडकलेली रुई काढताना बटण दाबून पट्टा थोडा थोडा हलवावा लागतो, म्हणून दोघं हवेत. एक बटणापाशी, एक पट्ट्यापाशी. बटणापाशीचा माणूसच कामावरून काढला, तेव्हा हरसिंगभाऊ माझ्या टेबलाशी आले. "दुसरा माणूस न्हाई, तं तो कागद काढून टाका. लबाडी होऊन राह्यली." मी म्हणालो, "तपासणी तोंडावर आहे, राहू द्या. तुम्ही सही करा." माझ्या शब्दाखातर त्यांनी केली...

एकट्यानं रुई काढताना ते गेल्यावर मॅनेजरसाहेबांनी धड्यांची फाइल मागितली. मी काढून दिली. चौकशीत तेच पान पुढे आलं. नियम माहीत होता, सही आहे, चूक त्यांचीच. त्यांची बायको बाहेर बाकावर बसली होती. तिनं मला एवढंच विचारलं, "त्याईनं सांगतलं होतं ना तुमाले?" आत जाऊन बोलायला हवं होतं. नाही बोललो. नोकरी मलाही हवीच होती.

गेल्या सोमवारी साहेबांनी त्याच धड्याचं नवं पान लिहायला लावलं. बटणापाशी आजही कुणी नाही. पान सह्या होऊन परत आलं, तर कुणी न सांगता सगळ्यांनी पहिली ओळ मोकळी सोडलेली. खिळ्याला अडकवायला निघालो तोच साहेबांनी पाहिलं. "ही रिकामी कशी? भरून टाका."

मी टोपण काढलं आणि हरसिंगभाऊंच्या ओळीवर माझी सही केली.